ट्रॅम्पोलिनआधीचा खड्डा

सकाळी सहा. एडिसन, न्यू जर्सी. परसातल्या गवतावर रंगीत झेंड्या रोवलेल्या आहेत: पिवळ्या गॅसच्या, लाल विजेच्या, निळी पाण्याची. इथे कुदळ मारण्याआधी अशा खुणांसाठी ८११ वर फोन करावाच लागतो, तोही किमान तीन कामकाजाचे दिवस आधी. खर्च काही नाही. मात्र खुणा होतात त्या कंपन्यांच्या वाहिन्यांच्या. आधीच्या घरमालकाने पुरून ठेवलेली बागेची नळी आपली आपणच शोधायची.

सात. मधोमध खुंटी, तिला साडेसात फुटांची सुतळी, सुतळीच्या टोकाने फक्कीचं वर्तुळ. ट्रॅम्पोलिन चौदा फुटी. बाकीची जागा काठच्या भिंतीला. साताऱ्याहून आलेले अप्पा न्याहाळत होते.

"विहिरीसारखा सरळ उतरवणार का रे?"

"नाही अप्पा, कढईसारखा. काठाशी फूटभर, मध्ये तीन फूट. पोर उडी मारतं तेव्हा कापड मध्येच सगळ्यात खाली जातं."

आठला भाड्याचं छोटं खोदयंत्र आलं. वरची काळपट माती आधी वेगळी काढली. गवत पुन्हा धरायला तीच लागते. एका बाजूला बागेच्या नळीचा संशय होता, तिथे यंत्र लावलंच नाही. फावड्याने हळूहळू उकरत गेलो तेव्हा वीतभर खाली काळी प्लास्टिकची नळी दिसली, सांध्याशी मुळांनी वेढलेली. ती कापून तोंड बंद केलं.

दहापर्यंत ढीग खड्ड्यापेक्षा मोठा झाला. सुटलेली माती पाव ते एक तृतीयांश फुगते, आणि इथे मूळचीच जवळपास तीनशे घनफूट. ती कुठे जाणार हे आधी ठरवलं नसेल तर अंगण आठवडेच्या आठवडे अडतं. आमची मागच्या उताराला गेली, भाज्यांचे वाफे उंच करायला.

अकरा ते दोन हा खरा दिवस. चिकट लाल मातीचा थर संपला आणि यंत्राच्या दातांखाली तुकडे तुकडे होऊन काहीतरी निघू लागलं. अप्पांनी एक तुकडा उचलला, चिमटीत चुरला, पाण्याचा थेंब टाकून पाहिला. "हा तर मुरूमच की!" आमच्याकडचा मुरूम बेसॉल्टचा, हा लाल शेलचा, पण भेगांतून पाणी उतरण्याचा गुण तोच. चिकणमातीवरच थांबलो असतो तर पहिल्या पावसात तळं झालं असतं: गंजलेल्या स्प्रिंगा, डास, आणि वर पोरं. म्हणून मध्ये आणखी दोन फूट शोषखड्डा उतरवला, यंत्रानेच, आत कुणी न जाता. बादल्या ओतल्या, काठीवर खूण केली. तासाभरात पाणी चांगलंच उतरलं. दिवसभरात सगळ्यात जास्त आनंद मला त्या काठीने दिला.

तीनला शोषखड्ड्यात भू-वस्त्र आणि धुतलेली खडी. मग काठच्या भिंतीची जागा मोजताना हवेचा विचार. कापड खाली दाबलं जातं तेव्हा खालची हवा बाहेर पडायला हवी, नाहीतर ते फटकन आपटतं आणि उडी मरते. म्हणून भिंत आणि चौकट यांच्यात फट सोडायची आणि झाकणाच्या गाद्या जाळीच्या घ्यायच्या.

जमिनीत बसवलं म्हणजे धोका संपला, असं मी लेकीला सांगणार नाही. उंचावरून पडणं टळतं, तेवढंच. अमेरिकेत १९६०च्या सुमारास खड्ड्यांवर ट्रॅम्पोलिन ताणलेली उड्यांची मैदानं गावोगावी निघाली होती. दुखापतींमुळे ती लवकरच बंद पडली. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना घरच्या ट्रॅम्पोलिनला आजही नकोच म्हणते. बहुतेक दुखापती एकाहून अधिक मुलं एकदम उड्या मारतात तेव्हा होतात, आणि त्यात सगळ्यात लहान पोराला लागतं. म्हणून एका वेळी एकच, शेजारची मुलं आली तरी.

सहा वाजता खड्ड्याभोवती नारिंगी जाळीचं कुंपण घातलं, वर ताडपत्री ओढली. भिंतीचे ब्लॉक सोमवारी येतील. अप्पांनी ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि रात्री पाऊस आला तर सकाळी पाणी कुठवर उतरलं ते बघायला मला उठव, असं बजावून आत गेले.