फुगा सुटला बोईसरहून, पडेल कुठे?

डिसेंबर 2022 मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात एका शेतात भलेमोठे पांढरे यंत्र उतरले आणि बघ्यांची झुंबड उडाली. हैदराबादच्या टीआयएफआर बलून केंद्रातून सुटलेल्या फुग्याखालचे ते उपकरण होते.

असा फुगा कुठे उतरेल, हे आधी सांगणारे सॉफ्टवेअर आता फुकट मिळते. केंब्रिज विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ते लिहिले आणि माओरी लोकांच्या हवामानदेवाचे नाव दिले : ताफिरी. लिनक्स आणि पायथन येणारा बोईसरचा एखादा विद्यार्थी ते घरच्या संगणकावर बसवू शकतो.

जड जातो तो वारा. अमेरिकेच्या जीएफएस या हवामान मॉडेलचा अंदाज उतरवून घ्यावा लागतो : अख्खी पृथ्वी, हवेचे 47 थर, पुढचे आठ दिवस, दर तीन तासांनी. फाइल भरते सुमारे साडेनऊ जीबी, आणि दिवसातून चारदा नवा अंदाज येतो. एवढे असूनही जाळी अर्ध्या अंशाचीच. डहाणू, तारापूर, बोईसर, पालघर, मनोर असा सगळा पट्टा तिच्या एकाच चौकटीत मावतो. मधला वारा सॉफ्टवेअर चार कोपऱ्यांवरून काढते.

मग सुटण्याची जागा आणि वेळ, चढण्याचा वेग, फुटण्याची उंची आणि उतरण्याचा वेग भरायचा. सेकंदाला पाच मीटर चढणारा फुगा 30 किलोमीटरवर 100 मिनिटांत पोचतो. नवखे फसतात ते वेळेत. सकाळचे साडेपाच म्हणजे ग्रिनिचचे शून्य वाजलेले असतात. आपले घड्याळ तसेच भरले, तर भलत्याच वेळेचा वारा लागतो. जमिनीच्या उंचीची माहितीही जोडावी लागते, नाहीतर घाटमाथ्यावर पडलेला फुगा सॉफ्टवेअर समुद्रसपाटीपर्यंत खाली नेत बसते.

खरा फुगा सोडायचा तर विमान वाहतुकीच्या परवानग्या आल्या, शिवाय शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र. संगणकावरचा फुगा मात्र रोज सोडावा. जानेवारीत वरचा पश्चिमी वारा त्याला सह्याद्रीपलीकडे, नाशिकच्या बाजूला नेतो. जुलैत तो आधी मनोरकडे सरकतो, सहा-सात किलोमीटरवर पूर्वेचा वारा धरतो आणि उलटा फिरतो. पडद्यावरचा ठिपका थांबतो सातपाटीच्या पश्चिमेला, भर समुद्रात. मासेमारी बंदीमुळे त्या दिवसांत यांत्रिक बोटीही तिकडे फिरकत नाहीत.