क्वाइक : नॉर्वेच्या शेतघरांतील विरजण

सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसिए हे नाव आपणां डॉक्टरमंडळींना नवे नाही. अतिसारात आपण ज्या बोलार्डीच्या पुड्या लिहून देतो, ते याच जातीचे भावंड. हिपॅटायटिस बीची पुनःसंयोजित लस प्रथम याच यीस्टच्या पेशींत तयार झाली आणि १९९६ साली ज्या दृश्यकेंद्रकी सजीवाचा संपूर्ण जनुकसंच सर्वप्रथम वाचला गेला, तोही हाच. तथापि पाव आणि मद्य हा या यीस्टचा पिढीजात व्यवसाय होय. त्या व्यवसायातील एका विलक्षण घराण्याचा परिचय येथे करून देण्याचा मानस आहे.

१८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढविलेले शुद्ध यीस्ट बिअरसाठी सिद्ध केले. कॉख यांनी जंतूंच्या बाबतीत जे साधले, तेच हे. बिअर नासण्याचे दुखणे आटोक्यात आले आणि कारखान्यांनी जुनी मिश्र यीस्टे हळूहळू मोडीत काढली. नॉर्वेच्या बहुतेक खेड्यांतही पुढे बाजारचे, पावाचे यीस्ट आले. पश्चिम किनाऱ्यावरील वॉस, हार्डांगर, नूरफ्योर्ड, सुनमोर या भागांतील काही शेतघरांनी मात्र नाताळची बिअर वाडवडिलांच्या यीस्टनेच बनविणे सोडले नाही. तिथल्या बोलीत त्याला ‘क्वाइक’ म्हणतात. चेतविणे, पेटविणे या अर्थाच्या क्रियापदाशी या शब्दाचे नाते आहे.

आपल्याकडील विरजणाची रीत डोळ्यांपुढे आणली की क्वाइकची रीत चटकन उमगते. बिअर तयार होताना वर आलेला फेस किंवा तळाशी बसलेला साका काढून घ्यायचा आणि तो कापडावर अथवा लाकडी तुकडे गुंफून केलेल्या कड्यावर सुकवून पुढच्या खेपेपर्यंत टांगून ठेवायचा. महिनोन्‌महिने ते जिवंत राहते. बिघडलेच, तर शेजाऱ्याकडून आणायचे. विरजणासाठी वाटी घेऊन शेजारी जाणाऱ्या आपल्या आजीला यात काहीच नवल वाटले नसते.

नवल आहे ते तापमानाचे. लागर जातीची बिअर साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअसला आंबवितात, एल जातीची १८ ते २२ अंशांना. वॉसचे शेतकरी मात्र क्वाइक घालतात ते ३९ अंशांच्या आसपास, म्हणजे ज्या तापमानाला आपण रुग्णाला ताप आहे असे म्हणू! सामान्य यीस्टला इतक्या उष्णतेत ठेवल्यास जड अल्कोहोले वाढून बिअरला उग्र, झोंबणारी चव येते. क्वाइक मात्र दोन-तीन दिवसांत काम उरकते आणि चव स्वच्छ राहते. कारण बहुधा असे, की शेतघरात मोठ्या कढईतला रस निवविण्याचे साधन नव्हते. तो जितका वेळ उघडा राहील तितकी जंतुसंसर्गाची धास्ती. कोमट रसातच यीस्ट घालणे सोयीचे, आणि त्या उष्णतेत जे तगले तेच पुढल्या खेपेसाठी सुकविले गेले. या यीस्टच्या पेशींत ट्रेहॅलोज ही शर्करा अधिक साठते, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. उष्णता व सुकणे या दोन्ही आघातांत ती पेशीचे रक्षण करते.

क्वाइक हा माणसाळविलेल्या यीस्टचा एक स्वतंत्र जनुकीय गट आहे, हे २०१८ साली दाखविण्यात आले. लवंगेसारखा वास देणारे फेनॉल बनविण्याचा रानटी यीस्टचा गुण यांतील बहुतेकांनी गमावला आहे. माणसाने निवडून जोपासल्याची ही खूणच.

चाखताना प्रथम वास घ्यावा. वॉसच्या क्वाइकमध्ये संत्र्याच्या सालीची आठवण होते. बिअरमध्ये संत्रे घातलेले नसते, ही यीस्टच्या एस्टरांची किमया. त्यामागे जुनिपरच्या फांद्या उकळलेल्या पाण्याचा राळेसारखा गंध येतो. वॉसमध्ये रस तासन्‌तास उकळतात, म्हणून रंग तांबूस आणि चव कॅरामेलकडे झुकणारी. उत्तरेकडील होर्निनदाल येथे रस उकळतच नाहीत. तिथली बिअर दाट, दुधाळ वळणाची लागते. फेस बेताचा, गोडी अंमळ अधिक. कारखान्याच्या थंडगार बाटलीची सवय असलेल्याला पहिला घोट विचित्र वाटण्याचा संभव आहे.

आपल्या पेशाला स्मरून एक हिशेब मांडतो. ८ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे २१ ग्रॅम अल्कोहोल असते. चवीसाठी १०० मिलिलिटर पुरे, तरी त्यातही ६ ग्रॅम आलेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ साली सुरक्षित मात्रा अशी नाहीच, असे बजावले आहे. चवीची जिज्ञासा हे नित्यपानाचे निमित्त होऊ नये.

नॉर्वेचे लार्स मारिउस गारशोल यांनी गावोगाव हिंडून ही यीस्टे व त्यांच्या रीती नोंदविल्या नसत्या, तर हे सारे त्या दऱ्यांतच राहिले असते. आज वॉसचे क्वाइक पाकिटांत मिळते. मात्र पाकिटातला बहुधा एकच वाण असतो. शेतघरातल्या कड्यावर अनेक वाण एकत्र नांदतात, होर्निनदालच्या क्वाइकमध्ये तर जीवाणूही. हान्सेन यांच्या शुद्धतेच्या चाळणीतून गाळलेले क्वाइक उष्णतेला टिकते, संत्र्याचा गंधही देते. पण एका वाणाला रोग लागला वा त्याचा गुण बदलला, तर त्याची जागा घेणारा शेजारी त्या पाकिटात नसतो.