इंजेक्शनच्या आधीचा तास

बोन स्कॅनच्या रुग्णाला टेक्नेशियम-९९एमचं इंजेक्शन दिल्यावर चित्र घ्यायला दोन ते चार तास थांबावं लागतं. औषध हाडांत मुरायला तेवढा वेळ लागतो. पण टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तासांचंच. मधेच गॅमा कॅमेरा बिघडला तर औषध फुकट आणि रुग्णाने अंगावर घेतलेला किरणोत्सर्गही फुकट. म्हणून न्यूक्लिअर मेडिसिन विभागात कॅमेऱ्याची तपासणी पहिल्या इंजेक्शनआधी उरकतात.

मी पाहत होतो तेव्हा टेक्नॉलॉजिस्टबाईंनी आधी खोलीतल्या किरणोत्सर्गाची मोजणी घेतली. आदल्या दिवशीचं औषध कुठे सांडलेलं नाही ना, हे त्यातून कळतं. मग शिशाच्या पेटीतून कोबाल्ट-५७ चा सपाट तक्ता काढून कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या जाळीवर, म्हणजे कॉलिमेटरवर, ठेवला. या चाचणीला ‘फ्लड’ म्हणतात. तक्त्यातून सगळीकडे सारखेच गॅमा किरण निघतात, त्यामुळे पडद्यावरही सगळीकडे सारखाच करडा रंग यायला हवा.

कॅमेऱ्यात सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो. त्यावर किरण आदळला की बारीक प्रकाश चमकतो आणि मागच्या पन्नासेक फोटोमल्टिप्लायर ट्यूब तो कुठे चमकला ते टिपतात. कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा १२२ केईव्ही, टेक्नेशियमची १४०. मला दाखवायला बाईंनी मुद्दाम सेटिंग १४० वर ठेवलं. करड्या रंगात ट्यूबची वर्तुळं उमटली. १२२ वर आणताच ती पुसली गेली. एखादी ट्यूब मंदावली तर असाच गोल डाग राहतो आणि स्कॅनमध्ये तो आजाराची खूण वाटू शकतो.

नुसत्या नजरेवर भागत नाही. चित्रातली सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी मोजणी घेऊन, त्यांच्या फरकाला बेरजेने भागून संगणक टक्केवारी काढतो. ती मर्यादेत असली तरी बाई रोजच्या नोंदींच्या वहीची मागची पानं उलटतात. आकडा रोज थोडा थोडा चढत असेल, तर यंत्र बंद पडण्याआधीच इंजिनीअरला बोलावलेलं बरं. या खोलीचा एसी रात्रीही चालू असतो, कारण तापमान एकदम बदललं तर स्फटिक तडकतो.

वहीत सही झाल्यावरच पहिला डोस सिरिंजमध्ये भरला जातो. तेव्हा स्कॅनला गेल्यावर ‘अजून मशिन तपासतायत’ असं उत्तर मिळालं, तर कुरकुर करू नका. तपासणी न करता सुई टोचणाऱ्या विभागापेक्षा हा विभाग नक्कीच बरा.