पेल्यातला आकडा

टेबलावर दोन काचेचे ग्लास. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशिनचं. विक्रेता बॅगेतून धातूच्या दांड्या असलेलं एक छोटं उपकरण काढतो, दांड्या दोन्ही ग्लासांत बुडवतो आणि बटण दाबतो. मशिनचं पाणी तसंच्या तसं राहतं. नळाचं पाणी मात्र आधी पिवळट होतं, मग हिरवट, मग तपकिरी, आणि वर फेसाळ गाळ तरंगू लागतो. "ताई, हेच पाणी तुमची मुलं पितात." यानंतर रोख की ईएमआय, एवढाच प्रश्न उरतो.

हा गाळ पाण्यातला नसतो, दांड्यांचा असतो. दांड्यांमध्ये एक सहसा लोखंडाची असते आणि एक अ‍ॅल्युमिनियमची. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंड झिजतं, पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजासारखा गाळ तयार होतो. शाळेत दहावीला शिकलेलं विद्युत अपघटन ते हेच. मशिनच्या पाण्यात क्षार नगण्य असल्याने वीज वाहत नाही आणि दांडी झिजत नाही. पुढच्या वेळी कुणी हा खेळ दाखवायला आलं, तर त्याच्याच शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकून बटण पुन्हा दाबायला सांगावं. ते पाणीही तितकंच घाण होतं. हा प्रयोग करायला कुणी विक्रेता राजी झाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

दांड्यांचा खेळ उघड फसवणुकीचा आहे, त्यामुळे त्याची फार काळजी नको. पेनाएवढा टीडीएस मीटर मात्र जास्त दिशाभूल करतो, कारण तो खोटं बोलत नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. खऱ्या अर्थाने ते मोजायचं तर प्रयोगशाळेत पाणी आटवून मागे उरलेलं वजन करावं लागतं. हातातला मीटर यातलं काहीच करत नाही. तो दोन टोकांमधून पाण्यात किंचित वीज सोडतो, ती किती सहज वाहते ते पाहतो आणि त्या आकड्याला साधारण ०.५ ते ०.७ यांच्या मधल्या एका ठरावीक गुणकाने गुणून टीडीएस म्हणून दाखवतो. म्हणून एकाच पाण्यात दोन कंपन्यांचे मीटर वेगवेगळे आकडे दाखवू शकतात.

आता घरच्या घरी एक गंमत करून पाहा. पेलाभर पाण्याचा टीडीएस मोजा. त्यात दोन चमचे साखर विरघळवा आणि पुन्हा मोजा. आकडा जवळजवळ तिथेच राहतो. दोन चमचे साखर म्हणजे आठ-दहा हजार मिलिग्रॅम पदार्थ पाण्यात गेला, आणि मीटरला त्याचा पत्ताच नाही, कारण साखरेचे आयन होत नाहीत आणि तिच्यामुळे वीज वाहत नाही. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं तर आकडा उडी मारतो. मीटरला फक्त खारटपणा कळतो. जंतू त्याला दिसत नाहीत, कीटकनाशकं दिसत नाहीत. शिशाचं तर विचारूच नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. घरगुती मीटरचा सर्वांत लहान टप्पा एक मिलिग्रॅमचा, म्हणजे त्या मर्यादेच्या शंभरपट. ४० टीडीएसचं पाणी विषारी असू शकतं आणि ४००चं उत्तम.

याच मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत चालवून घ्यावं असं म्हटलेलं आहे. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या धरण-तलावांतून पाणी येतं, पुण्याला खडकवासला साखळीतून. हे बहुतांशी सह्याद्रीवर पडलेलं पावसाचं पाणी. काळ्या कातळावरून वाहत ते थोड्याच वेळात धरणात येतं, त्यामुळे खडकातले क्षार विरघळायला त्याला सवड मिळत नाही. अशा नळाखाली मीटर धरला तर आकडा बहुधा दोनशेच्या आत थांबतो. बोअरवेलचं पाणी याच्या उलट. ते खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं असतं आणि तेवढा काळ दगडातले क्षार घेत राहतं. शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत टँकर येतो, त्याचं पाणी आज विहिरीचं, उद्या बोअरचं.

म्हणजे आरओ यंत्र घ्यावं की नाही, हे घरात कोणतं पाणी येतं यावर ठरतं. कारण आरओ हे मुळात क्षार काढायचं यंत्र आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. फोडीच्या पेशींची पटलं पाण्याला वाट देतात, आणि पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे ओढलं जातं. आरओमध्ये हाच प्रवाह उलटा फिरवतात. खाऱ्या बाजूला पंपाने दाब दिला की पाणी पटलातून पलीकडे जातं आणि क्षार अलीकडे राहतात. समुद्राच्या पाण्यासाठी हवेच्या दाबाच्या पन्नास-साठपट दाब लागतो, स्वयंपाकघरातल्या यंत्राला चार-पाचपट पुरतो.

तत्त्व जुनं होतं, अडलं होतं ते पटलापाशी. क्षार अडवणारी पटलं पाणीही थेंबाथेंबानेच सोडत. १९५०च्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं असं पटल बनवलं, की ज्याचा वरचा अतिपातळ थर क्षार अडवतो आणि खालचा सच्छिद्र थर त्याला नुसता आधार देतो. पाणी भराभर येऊ लागलं. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या छोट्या गावात या पटलांवर गावाला पाणी पुरवणारा पहिला प्रकल्प सुरू झाला. कोलिंगाचं भूजल इतकं खारं, की पिण्याचं पाणी तिथे रेल्वेने आणत. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला जलदूत गाडी धावली ती दुष्काळापायी. कोलिंगात पाणी होतं, पण पिण्याजोगं नव्हतं.

महाराष्ट्रातही अशी गावं आहेत. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीच्या खोऱ्यातला पट्टा खारपाणपट्टा म्हणूनच ओळखला जातो. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ते ठीक, दीडच्या वर गेलं की मुलांच्या दातांवर डाग येतात, आणि पुढे वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडं आणि सांधे धरतात. खतांमुळे विहिरीच्या पाण्यात उतरलेला नायट्रेट तान्ह्या बाळांना धोक्याचा असतो. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सूट नाही. ही दोन्ही उकळून जात नाहीत; उलट पाणी आटल्याने त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच. अशा ठिकाणी आरओ हा चोचला नाही, गरज आहे. आणि पाणी जड आहे का, हे मीटर येण्याआधीही घरातल्या बायकांना कळत होतंच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी पुटं चढतात. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात.

पण दीडशे टीडीएसच्या धरणाच्या पाण्याला आरओ लावलं तर काय होतं, याचा हिशेब बघण्यासारखा आहे. घरगुती यंत्र साधारण एक लिटर पाणी गाळताना तीन लिटर मोरीत सोडतं. दिवसाला पंधरा लिटर प्यायला-स्वयंपाकाला लागले तर पंचेचाळीस लिटर वाया. वर्षाचे सोळा हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा दीड टँकर. गंमत पुढेच आहे. आत आलेल्या चार लिटरमध्ये मिळून ६०० मिलिग्रॅम क्षार. गाळलेल्या लिटरात त्यातले पंधराएक गेले, उरलेले तीन लिटरांत वाटले गेले. मोरीत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस आला दोनशेच्याही खाली. ज्या मीटरच्या भरवशावर यंत्र घेतलं, त्याच मीटरप्रमाणे फेकलेलं पाणीसुद्धा पिण्याच्या मर्यादेत बसतं! मे २०१९मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, पाण्याचा टीडीएस ५००च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला, असा आदेश केंद्राला दिला होता तो या नासाडीपायीच. दुकानांतल्या विक्रीवर त्याचा परिणाम झालेला मला तरी दिसला नाही.

काही यंत्रांत टीडीएस कंट्रोलर नावाचा एक स्क्रू असतो. गाळलेलं पाणी बेचव लागू नये म्हणून तो आरओच्या पटलातून न गेलेलं थोडं पाणी पुन्हा त्यात मिसळतो. आधी पैसे देऊन क्षार काढायचे, मग स्क्रू पिळून परत घालायचे. बोअरचं पाणी असेल तर त्या न गाळलेल्या धारेतून फ्लोराइड आणि नायट्रेटही परत येतात, हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आरओच्या पाण्याने खनिजं जाऊन हाडं ठिसूळ होतात, ही भीतीही जरा फुगवलेली आहे. आपलं बरंचसं कॅल्शियम दूध, दही, नाचणी, तीळ यांतून येतं. एक पेलाभर दूध दिवसभराच्या नळाच्या पाण्यापेक्षा जास्त कॅल्शियम देतं.

टीडीएसच्या गोंगाटात जंतूंचा विषय मागे पडतो, आणि आजारी पाडतात ते बहुतेक वेळा जंतूच. आपल्याकडे कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो हे पाण्यातून येतात ते फुटलेल्या जलवाहिन्यांमुळे, शेजारून जाणाऱ्या गटारांमुळे, न धुतलेल्या टाक्यांमुळे. त्यावरचा स्वस्त उपाय क्लोरीन. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घालतो आणि मग नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, की नळापर्यंत क्लोरीन पोचला. टोकाच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असं मानक सांगतं. हा शिल्लक क्लोरीन म्हणजे वाटेत आणि माठात पाण्याबरोबर राहणारं संरक्षण.

घरातल्या यंत्रात शिरताना हे संरक्षण आधी काढून घेतलं जातं. क्लोरीनने आरओचं पटल खराब होतं, म्हणून त्याच्या आधी कार्बन फिल्टर असतो आणि तो क्लोरीन शोषतो. पुढचं पटल जंतू अडवतं, यूव्ही दिवा उरलेसुरले मारतो, हे खरं. पण त्यानंतर टाकीत साठलेल्या पाण्याला कुणाचाच पहारा नसतो. कुटुंब मे महिन्यात गावाला जाऊन पंधरा दिवसांनी परतलं, तर टाकीतलं पाणी सोडून द्यावं आणि मगच पुढचं प्यावं. कार्बन फिल्टर वेळेवर न बदलता वर्षानुवर्षं तसाच ठेवला, तर तोच जंतूंचं घर होतो.

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. महापालिकेने त्या भागातले काही खासगी आरओ प्रकल्पही बंद केले, कारण त्यांच्या पाण्यात दूषितता आढळली होती. लग्नात, दुकानात, ऑफिसात येणारं 'जारचं पाणी' हेच. मीटर लावला असता तर आकडा बहुधा देखणा आला असता.

नळाला धरणाचं, क्लोरीन घातलेलं पाणी येत असेल तर साधा गाळणारा आणि यूव्ही किंवा यूएफ असलेला फिल्टर पुरतो. त्यात पाणी वाया जात नाही, किंमतही कमी. तेही नको असेल तर पाणी चांगलं खळखळून मिनिटभर उकळावं आणि झाकून ठेवावं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवावी. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मात्र पुरेसे मरत नाहीत, म्हणून तिच्यानंतर उकळणं किंवा क्लोरीन हवंच.

बोअर, विहीर किंवा टँकरचं पाणी असेल तर मात्र यंत्राआधी तपासणी करावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि तपासणीचा खर्च आरओच्या किमतीपुढे किरकोळ असतो. कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट आणि कोलिफॉर्म जिवाणू एवढं तरी तपासून मागावं. उन्हाळ्यात बोअर खोल जाते आणि पाणी बदलतं, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी आणि नंतर अशी दोनदा तपासणी झाली तर उत्तम.

नमुना नेताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून मग भरायची असते. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळा निर्जंतुक केलेली वेगळी बाटली देते, ती अजिबात विसळायची नाही. तिच्यात पाण्यातला क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं. ते धुऊन गेलं तर वाटेतच क्लोरीन जंतूंना मारत राहतो आणि दूषित पाणीही कागदावर स्वच्छ ठरतं. बाटली तोंडोतोंड भरू नये, बर्फात ठेवावी आणि त्याच दिवशी पोचवावी.