एसी दुरुस्तीची पेटी: पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे



एसी-फ्रिजचं काम सुरू करणारी पोरं मला एकच प्रश्न विचारतात, "दादा, पूर्ण टूलकिट किती रुपयांत बसेल?" माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. पूर्ण टूलकिट नावाची वस्तू घेऊच नका. एका डब्यात तीस-चाळीस वस्तू दिसतात, त्यातल्या रोज लागणाऱ्या सात-आठ असतात आणि नेमक्या त्याच सगळ्यात हलक्या निघतात.

आधी आपला सीझन बघा. पुसदला मार्चच्या शेवटी कुलरच्या ताट्या बदलायची घाई सुरू होते, एप्रिलच्या मध्यापासून एसीचे फोन वाजू लागतात आणि जूनमध्ये पाऊस लागला की सगळं थंड. म्हणजे खऱ्या कमाईचे दहा-अकरा आठवडे. त्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो आणि गिऱ्हाईक एक दिवससुद्धा थांबायला तयार नसतं. पक्कड तुटली तर इथल्या बाजारात लगेच दुसरी मिळते. पण व्हॅक्यूम पंपाचा पार्ट किंवा बरोबर प्रेशरचे होज पाइप नागपूर नाहीतर नांदेडवरून मागवायचे म्हटले की दोन-तीन दिवस गेले. मोठ्या शहरातला कारागीर "बघू, बिघडलं तर बदलू" म्हणू शकतो. आपल्याला ते परवडत नाही.

म्हणून टिकाऊ म्हणजे जाड आणि वजनदार, हा हिशोब सोडा. माझा हिशोब असा आहे. जी वस्तू गॅसला हात लावते आणि जी वस्तू तुमचा जीव सांभाळते, तिथे पैसे घाला. बाकी सगळीकडे वाचवा.

माझं स्वतःचं दुकान आहे. त्यामुळे हा महागडं घ्यायला लावतोय असं वाटू शकतं, म्हणून आधी वाचवायच्या जागा सांगतो.

स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, रिंग पाने, ऍलन की, हातोडी, छन्नी यात परदेशी नावाच्या मागे लागू नका. आपल्या नाशिकची टपारिया १९६९ पासून हत्यारं बनवते, सुरुवात स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने झाली होती. त्या दर्जाची भारतीय पक्कड आणि पाने एसीच्या कामाला भरपूर झाले. फक्त नकली माल बाजारात फिरतो, तेव्हा नाव नीट वाचा आणि पक्कं बिल घ्या. दुकानातच पक्कड बंद करून उजेडासमोर धरा. कापायच्या धारेतून उजेड दिसला तर परत ठेवा. रिव्हेटपाशी जबडा डावी-उजवीकडे हलतो का तेही बघा. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम लिहिलंय की नाही यापेक्षा तो नटवर सैल बसतो का हे महत्त्वाचं. सोबत एक नट घेऊन दुकानात गेलात तर कुणी हसणार नाही, आणि हसलं तर हसू द्या.

एक अपवाद. वायरिंगच्या कामाचा स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड वेगळी ठेवा आणि ती खऱ्या इन्सुलेशनची घ्या. लाल-पिवळं प्लास्टिकचं हँडल म्हणजे इन्सुलेशन नव्हे. त्यावर १००० व्होल्टचं चिन्ह आणि आयईसी ६०९०० लिहिलेलं असलं पाहिजे. एसीचा कपॅसिटर मेन स्विच बंद केल्यावरही चार्ज धरून राहतो, हे विसरून हात घालणारे कमी नाहीत.

आता गॅसकडे येऊ, इथे खरा खेळ आहे.

समजा, एका स्प्लिट एसीच्या फिटिंगचे तुम्ही १,५०० रुपये घेतले. पंधरा दिवसांनी फोन आला, "भाऊ, हवा गरम येते." जाऊन बघता तर फ्लेअरच्या जोडातून गॅस निघून गेलेला. आता समजा गॅस १,२०० चा, तो तुमच्या खिशातून. पेट्रोल १५०. आणि अर्धा दिवस गेला, त्यात जे दुसरं १,५०० चं फिटिंग झालं असतं तेही गेलं. झाले २,८५० रुपये. साध्या आणि चांगल्या फ्लेअरिंग टूलच्या किमतीतला फरक साधारण एवढाच असतो. आणि ते गिऱ्हाईक उमरखेडला असेल तर पेट्रोल अजून वाढवा.

साधं फ्लेअरिंग टूल सरळ कोन दाबतं. त्यात तांब्याचा ओठ एका बाजूला पातळ, एका बाजूला जाड होऊ शकतो आणि किती दाबायचं ते तुमच्या मनगटावर असतं. एक्सेंट्रिक टूलमध्ये कोन थोडा तिरका बसून फिरतो, ओठ सगळीकडून सारखा लोळवतो, आणि क्लच असेल तर पुरेसं झालं की कट-कट वाजून सुटतो. आर-३२ आणि आर-४१०ए साठी फ्लेअरचा व्यासही जुन्या आर-२२ पेक्षा किंचित मोठा लागतो. दोन सुती पाइपाला जास्तीत जास्त ९.१ मिलिमीटर, तीन सुतीला १३.२ आणि चार सुतीला १६.६. व्हर्नियर कॅलिपरने एकदा मोजून बघा, आपला हात कुठे चुकतो ते लगेच कळेल.

पण टूल कितीही भारी असू द्या, त्याच्या आधीची दोन हत्यारं हलकी असली तर काही उपयोग नाही. ती म्हणजे पाइप कटर आणि रीमर. कटरचं चाक बोथट झालं की ते पाइप कापत नाही, दाबतं. पाइप अंडाकृती झाला की फ्लेअर गेलाच. जास्तीची दोन चाकं कायम पेटीत ठेवा. रीमर फिरवताना पाइपाचं तोंड खाली धरा, म्हणजे कीस आत पडत नाही. नट आधी घाला (हे सांगायची गरज नाही असं सगळ्यांना वाटतं), फ्लेअरवर कॉम्प्रेसर ऑइलचा एक थेंब लावा आणि मग पाना.

पाना किती आवळायचा? "हाताला कळतं" असं सांगणारे उस्ताद पुष्कळ आहेत आणि त्यातल्या काहींच्या हाताला खरंच कळतं. नवीन माणसाच्या हाताला नाही कळत. टॉर्क रेंच त्यासाठी असतो. दोन सुती नटला १४ ते १८ न्यूटन मीटर, तीन सुतीला ३४ ते ४२, चार सुतीला ४९ ते ६१. कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर ओठ चिरतो आणि दोन महिन्यांनी गळतो. पहिल्याच दिवशी टॉर्क रेंच घेणं जमत नसेल तर दोन पाने लावून आवळायची सवय तरी लावा. एक धरायला, एक फिरवायला. त्याने निदान पाइप पिळला जात नाही.

गेज आणि होज पाइप घेताना आपलं ऊन लक्षात ठेवा. बाहेर ४४-४५ अंश असताना गच्चीवरच्या आउटडोअर युनिटमधला गॅस ५५ अंशांच्या वर जाऊन थंड होत असतो. त्या तापमानाला आर-२२ चं प्रेशर ३०० पीएसआयच्या आसपास असतं. आर-३२ चं ५०० च्या घरात जातं. म्हणजे उस्तादांकडून मिळालेला जुना आर-२२ चा मॅनिफोल्ड भावनेपोटी वापरू नका. होजवर ८०० पीएसआय वर्किंग प्रेशर छापलेलं बघून घ्या. आर-३२ आणि आर-४१०ए च्या बहुतेक मशीनचा सर्व्हिस पोर्ट अडीच सुती असतो, जुन्यांचा दोन सुती, तेव्हा अडॅप्टर लागेल. होजच्या टोकातले रबरी वॉशर दहा-वीस जास्तीचे घ्या. काही रुपयांचा वॉशर नसल्यामुळे काम अडलेलं मी बघितलंय. आणि आर-२२ चे होज वेगळे ठेवा, कारण दोन्हीतलं तेल वेगळं असतं.

गेजइतकंच महत्त्वाचं म्हणजे वजनकाटा. आर-३२ च्या मशीनमध्ये किती ग्रॅम गॅस घालायचा ते युनिटच्या पाटीवर लिहिलेलं असतं. नुसत्या गेजच्या काट्यावर "बस झालं" म्हणणारा माणूस अंदाजाने मीठ घालतोय. पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, पहिल्या खरेदीतच घ्या.

व्हॅक्यूम पंपाशिवाय फिटिंगची कामं घेऊ नका, हे मी सरळ सांगतो. थोडा गॅस सोडून पाइपातली हवा हाकलायची पद्धत अजून चालते. पण ओल आतच राहते, नवीन गॅसचं तेल ती ओल शोषून घेतं, पुढे ऍसिड होतं आणि कॉम्प्रेसरला लागतं. शिवाय आर-३२ हा मंद का होईना, पेट घेणारा गॅस आहे. दोन टनांपर्यंतच्या मशीनला ३-४ सीएफएमचा टू-स्टेज पंप पुरतो. त्याहून मोठा घेऊन मिरवायचं कारण नाही, कारण तो तुम्हाला बाइकवर न्यायचाय. पुसदहून महागाव, दिग्रस, वाटेतली खेडी, हे सगळं मोटरसायकलवरच होतं. पंप आडवा बांधला की तेल सांडतं, म्हणून उभा राहील अशी पेटी करून घ्या आणि तोंडाची झाकणं हरवू देऊ नका. आतलं तेल दुधाळ दिसलं की बदला.

पंप बिघडतो तो बहुतेक वेळा पंपाच्या दोषाने नाही. खेड्यात व्होल्टेज आधीच कमी, त्यात आपण पन्नास फुटांचं बारीक एक्स्टेंशन लावतो. मोटर उचलत नाही, नुसती गुणगुणते आणि जळते. ड्रिल मशीनचंही तसंच. अडीच एमएम तांब्याच्या वायरचं एक्स्टेंशन स्वतः बनवून घ्या. विकतच्या गुंडाळीपेक्षा महाग पडेल, पण पंप आणि ड्रिल दोन्ही वाचतील. आणि काम सुरू करण्याआधी क्लॅम्प मीटरने व्होल्टेज बघा. मीटर कॅट-३ लिहिलेला घ्या, कपॅसिटर मोजणारा घ्या. फॅन फिरतोय आणि कॉम्प्रेसर चालू होत नाही, या तक्रारीत अनेकदा कपॅसिटरच गेलेला असतो आणि तो मोजायला दोन मिनिटं लागतात.

आता जिवाचं.

लीक तपासायला नायट्रोजनच वापरायचा, रेग्युलेटर लावून. वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजनची बाटली आणून प्रेशर द्यायचं कुणी सांगितलं तर तिथून निघून जा. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल प्रेशरखाली एकत्र आलं की स्फोट होतो. नायट्रोजनची मोठी बाटली बाइकवर जात नाही, म्हणून लहान बाटली घ्या किंवा दोघा-तिघांत मिळून घ्या. तसंच आर-३२ किंवा आर-२९० च्या लाइनला टॉर्च लावण्याआधी गॅस पूर्ण काढून नायट्रोजनने लाइन धुवा. आर-२९० म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच सख्खा भाऊ.

शिडीच्या बाबतीत आपल्याकडे कमाल आहे. पंप दहा हजारांचा आणि शिडी गिऱ्हाईकाच्या घरची, दोन पायऱ्या सुतळीने बांधलेली. स्वतःची शिडी ठेवा. ऍल्युमिनियमची हलकी पडते, पण घरावरून विजेच्या तारा जात असतील तिथे ती लावू नका, तिथे फायबरची हवी. दुसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर आउटडोअर बसवायचं असेल तर फुल बॉडी हार्नेस घाला. नुसता कमरेचा पट्टा पडताना मणक्याला मारतो. हार्नेसवर आयएस ३५२१ बघा आणि त्याचा दोर खिडकीच्या ग्रिलला अडकवू नका, कॉलमला किंवा बीमला अडकवा. जुन्या विटा-मातीच्या भिंतीत अँकर फास्टनर धरत नाही. तिथे स्टँड गच्चीवर ठेवायला गिऱ्हाईकाला पटवा, नाहीतर काम सोडा.

पैशांबद्दल थोडं. पीएम विश्वकर्मा योजनेतून एसीची हत्यारं मिळतील का, असं बरेच जण विचारतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ती योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे, पंधरा हजारांची टूलकिट मदत त्यांनाच. त्यात एसी मेकॅनिक नाही. तुमच्यासाठी मुद्रा कर्जाचा शिशु गट आहे, ५० हजारांपर्यंत आणि तारणाशिवाय. अर्जासोबत जीएसटी असलेलं कोटेशन जोडा आणि अर्ज जानेवारीत करा. मार्चमध्ये बँकेला वर्षअखेरीची घाई असते आणि तुम्हाला सीझनची.

पावसाळ्यात काम कमी झालं की सगळी पेटी एकदा रिकामी करा. पाने पुसून मशीन ऑइलचा हात फिरवा, पंपाचं तेल बदला, गेजचे काटे शून्यावर येतात का बघा. सीझनभर काय तुटलं आणि कशामुळे परत जावं लागलं, ते वहीत लिहून ठेवलं असेल तर पुढची खरेदी त्यावरूनच ठरते. टॉर्क रेंच राहिला असेल तर तो, नाहीतर मायक्रॉन गेज. व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत उतरला आणि पंप बंद केल्यावर तिथेच टिकला की नाही, हे साध्या गेजवर दिसत नाही. तो घ्यायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरातच घ्या, एप्रिलमध्ये नवीन मीटर शिकायला वेळ मिळत नाही.