शब्द कोशांत, प्रसंग मंडळींत

इंग्रजी पुस्तकें सहज वाचणारा, अर्ज-पत्रें बिनचूक लिहिणारा गृहस्थ चार माणसांत इंग्रजी बोलण्याची वेळ आली कीं गप्प होतो, हा अनुभव घरोघरचा आहे. शब्दांची त्याच्याजवळ उणीव नसते. मग अडतें कोठें?

फ्रान्स्वा ग्वँ या फ्रेंच शिक्षकाची हकीकत या बाबतींत उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकांत हा गृहस्थ जर्मन भाषा शिकण्यासाठीं हँबुर्ग येथें जाऊन राहिला. खोलींत बसून त्यानें व्याकरण घोकलें, २४८ अनियमित क्रियापदें मुखोद्गत केलीं, पुढें तर कोशांतील ३०,००० शब्द पाठ केले. तरीहि कानावर पडणारें जर्मन त्याला उमगेना. लोकांशीं बोलून पाहण्याचा यत्न त्यानें केला होता; परंतु लोक हंसले आणि लाजून त्यानें तो नाद सोडला. मायदेशीं परत येऊन पाहतो तों घरांतलें तीन वर्षांचें मूल फ्रेंच भाषेंत अखंड बडबड करीत होतें! त्या मुलानें कोश पाहिला नव्हता. आणि चुकण्याची लाजहि त्याला ठाऊक नव्हती. या अनुभवाचा विचार करून ग्वँनें भाषा शिकविण्याची नवी पद्धति बसविली व १८८० सालीं तिजवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

जी गोष्ट जर्मनची, तीच इंग्रजीची. वाक्प्रचारांच्या बाबतींत तर ती विशेष जाणवते. 'किक द बकेट' म्हणजे मरणें, असें कोश सांगतो. पण तेवढ्यावर विसंबून एखाद्यानें तो प्रयोग दुखवट्याच्या पत्रांत घातला, तर केवढा अनर्थ! कारण तो थट्टेच्या बोलींतला आहे. 'पुल समवन्स लेग' याचें शब्दशः भाषांतर पाय ओढणें असें होतें. परंतु मराठींत पाय ओढणारा दुसऱ्याच्या उत्कर्षाच्या आड येतो, तर इंग्रजींत तो केवळ गंमत करीत असतो. उलट ऐन वेळीं धीर सुटला कीं इंग्रजाचे पाय गार पडतात आणि आपले हातपाय. कोठें जुळतें व कोठें फसतें, हें बोलणाऱ्याचा स्वर व ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून जितकें लवकर कळतें, तितकें पानें चाळून कळत नाहीं.

शब्द थोडके केले म्हणूनहि ही अडचण टळत नाहीं. सी. के. ऑग्डेन यांनीं १९३० सालीं 'बेसिक इंग्लिश' मांडलें. त्यांत शब्द ८५० व क्रियापदें अवघीं १८. परंतु त्यांतलें एक 'पुट' घेतलें तरी 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणें, 'पुट आउट' म्हणजे विझविणें आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणें सोसणें! या जोड्या प्रसंगासहितच मनांत ठसतात.

यासाठीं चार-पांच स्नेह्यांनीं आठवड्यांतून एक सायंकाळ एकत्र बसावें. विषय घरगुतीच असावेत: बाजारांतील भाव, चुकलेली गाडी, न परतलेली उसनी छत्री. एका बैठकींत तीनच नवे वाक्प्रचार घ्यावेत आणि प्रत्येकानें ते आपल्या एखाद्या खऱ्या प्रसंगावर योजून पाहावेत. कोणी चुकला तर त्याला मध्येंच अडवूं नये. एकानें चुका टिपून ठेवाव्यात व उठण्यापूर्वीं शांतपणें सांगाव्यात. पुढील खेपेस मागचे वाक्प्रचार गप्पांच्या ओघांत पुन्हा आणावेत.

कोश मात्र हाताशीं असावा. सर्वांची चूक एकच असली तर मंडळी ती दुरुस्त करण्याऐवजीं पक्की करते. अशा वेळीं उदाहरणें देणाऱ्या चांगल्या कोशाचाच निवाडा मानावा.

आणि एक नियम सर्वांत आधीं पाळावा: चुकणाऱ्यास कोणीं हंसूं नये. हजारों शब्द पाठ करण्याची जिद्द असलेला ग्वँ लोकांच्या हंसण्यापुढें हरला. आपल्या बैठकींतून तसा कोणी मुका होऊन उठूं नये, एवढी काळजी मंडळींनीं घेतली, तरी निम्मी शिकवणी झाली.