पारा आणि प्रहर

मे महिना लागला की विदर्भात सकाळी एकमेकांना विचारायचा प्रश्न ठरलेला असतो, "काल किती होतं?" चंद्रपूर पुढे की ब्रह्मपुरी, अकोल्यानं नागपूरला मागे टाकलं का, याची चर्चा पानठेल्यावर रंगते. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली, तो दिवस लोक अजून सांगतात. मे 2024 मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क 56 अंश दाखवले आणि बघता बघता तो आकडा देशभर पसरला. संवेदकात दोष होता, हे हवामान खात्यानं नंतर स्पष्ट केलं.

मी याच उन्हात वाढले आणि पुढे लडाखच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतही हिंडले. दोन्हीकडे एकच गोष्ट कळली. ऊन किंवा थंडी माणसाला कितपत बाधेल, हे एकट्या पाऱ्यावर ठरत नाही. तो कोणत्या प्रहरी उघड्यावर आहे आणि तिथून बाजूला होण्याची मुभा त्याला आहे की नाही, यावरही ते ठरतं.

घाम वाळला पाहिजे

हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर तापमापक ठेवतात. भर उन्हातलं डांबर, पत्रा आणि खडी याहून कितीतरी जास्त तापलेली असतात.

शरीराचं आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास राहावं लागतं. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की आतली उष्णता काढून टाकायला घामाचीच वाट उरते. एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण त्यासाठी तो वाळायला हवा, नुसता येऊन भागत नाही. विदर्भातली मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की डोक्याला बांधलेला ओला दुपट्टा पुढच्या चौकापर्यंत सुकतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तिथे चालतो तो याच जोरावर. मुंबईत तोच कूलर खोली दमट करून ठेवतो.

म्हणून किनारपट्टीचे 38 अंश कमी समजू नयेत. हवेत 50 टक्के आर्द्रता असेल, तर त्या 38 अंशांचा शरीरावरचा भार सुमारे 48 अंशांइतका होतो. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतल्या खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर भरदुपारपर्यंत चालला. पारा 38 अंशांच्या आसपास होता आणि त्या दिवशीच्या उष्माघातानं 14 जणांचा बळी घेतला. डोक्यावर छप्पर नाही आणि गर्दीतून उठून जाणं सोपं नाही, अशा अवस्थेत माणसं तासन्‌तास बसली होती. तोच सोहळा सूर्य कलल्यावर झाला असता तर ही वेळ आली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

तेंदूपत्त्याची पहाट

याच्या उलट गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलपट्ट्यातला तेंदूपत्त्याचा हंगाम बघावा. तो येतो ऐन उन्हाळ्यात. पहाटे आंबील पिऊन बायामाणसं जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत पानांची ओझी घेऊन घरी परततात. दुपारी ओसरीच्या सावलीत सारं घर पुडकी बांधायला बसतं. कोवळी, फाटकी पानं बाजूला काढायची, उरलेली एकावर एक रचून सालीच्या दोरानं आवळायची, 70 पानांचं एक पुडकं. बोलता बोलता बोटं मोजत असतात. ऊन उतरलं की पुडकी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर जातात.

यात उन्हाचा अख्खा अभ्यास आहे. अंगमेहनत पहाटे, बैठं काम दुपारी. अर्थात, त्या पहाटेची किंमतही मोजावी लागते. अंधुक उजेडात वाकून पानं तोडणाऱ्यांवर वाघाचे हल्ले झाले आहेत. तरीही लोक पहाटच निवडतात, कारण दुपार काय करते हे त्यांना ठाऊक असतं.

बांधकामावरच्या मजुराला ही निवड नसते. स्लॅब घालायला घेतला की मध्येच थांबवता येत नाही. असा माणूस बरळायला लागला, तोल जाऊ लागला, अंग चटके बसावेत इतकं तापलं, तर तो उष्माघात समजावा. 108ला फोन करून त्याला लगेच सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतून जोरात वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. शुद्धीवर असलेल्या, नुसत्या थकलेल्या माणसाला लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावं.

निफाडची रात्र

थंडीचं गणित रात्री सुटतं. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमीन दिवसभराची ऊब वर फेकून देते. थंड हवा जड असल्यानं ती खोलगट भागात साचते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात ते यामुळेच. त्या वेळी गावातला तापमापक शून्याच्या बराच वरही असू शकतो.

निफाड तालुक्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा घसरला की द्राक्ष बागायतदारांची झोप उडते. कडाक्याच्या थंडीनं तयार व्हायला आलेले मणी तडकतात. मग पहाटे बागांमधून शेकोट्या पेटतात. कोणी ठिबक सुरू करतं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असतं आणि मुळांपाशी तेवढाच आधार देतं.

बागेची एवढी काळजी घेणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला स्वतः मात्र रात्रीची वीज येते. शेतीपंपाला वीज पाळीपाळीनं मिळते, त्यामुळे गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री दोन वाजता बारं धरावं लागतं. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून घेतं. त्यात घोटाभर उभं राहून फावडं चालवणाऱ्याची बोटं बधिर होतात आणि पायाजवळचा साप दिसत नाही. दिवसा वीज मिळावी ही मागणी म्हणून तर जीवनमरणाची आहे. दिवसा वीज देऊ पाहणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेचं मोल मी मेगावॉटपेक्षा शांत झोपलेल्या घरांवरून मोजेन.

चादरीवरचं थांबणं

लडाखमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत झंस्कार नदी गोठते, तिला चादर म्हणतात. आता मराठी ट्रेकर्स हौसेनं जातात ती वाट झंस्कारी माणसांसाठी पिढ्यान्‌पिढ्या लेहला जायचा हिवाळी रस्ता होती. घळीतून वारा सुटला की थंडीची जात बदलते. उणे 10 अंशांत ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे 20 वाटतं. उन्हात तारणारा घाम इथे वैरी होतो. सुती बनियन भिजलं की ते अंगावर गारठतं, म्हणून दमछाक होईल असं चालायचंच नाही.

पुढे चालणारा झंस्कारी वाटाड्या काठीनं बर्फ ठोकतो, कान देऊन आवाज ऐकतो आणि मगच पाऊल टाकतो. ढगाळून ऊब आली, बर्फ पातळ झाला की तो सरळ गुहेत बसून राहतो. आमच्यातल्या कोणाला परतीच्या विमानाची घाई, कोणाला रजेची. त्याला घाई नव्हती. आम्ही सुखरूप आलो ते त्याच्या थांबण्यामुळे.

थंडीनं बोटं पांढरी पडली तर चोळू नयेत, काखेत धरावीत. ऊब येते म्हणून दारू घेऊ नये, तिनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर जाते.

वेळ ठरवता येते

मे 2010 मधल्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. त्यातून धडा घेऊन त्या शहरानं 2013 साली आधीच इशारा देणारा, दवाखाने सज्ज ठेवणारा उष्णता कृती आराखडा केला. पुढे अनेक शहरांनी तो मार्ग धरला. विदर्भात उन्हाळ्यात शाळा सकाळी भरतात, कारण लेकरांना ऊन लागू नये यावर आपलं एकमत आहे. तेच एकमत मजूर, सभेला आणलेली माणसं आणि रात्री बारं धरणारा शेतकरी यांच्याबाबत व्हायला हवं.

रब्बीची लगबग चालू असते तेव्हा उन्हाळा दूर वाटतो. पण रोजगार हमीच्या कामाचे तास, बांधकामावरची दुपारची सुट्टी आणि जाहीर कार्यक्रमांची वेळ यांचा विषय ग्रामसभेत आणि कंत्राटदारापुढे तेव्हाच काढला पाहिजे. मे उजाडल्यावर तो काढला, तर त्या वर्षीच्या मजुराला त्याचा उपयोग नाही.